लग्नाऐवजी जमवलेले कागद

१७ ऑक्टोबर २०२३ ला समलिंगी विवाहावर सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला आणि त्याच आठवड्यात आम्ही दोघी शिवाजीनगरला एका वकीलबाईंकडे जाऊन बसलो. निकाल आमच्या बाजूने लागला नव्हता. लग्न हा घटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, यावर पाचही न्यायमूर्तींचं एकमत झालं. निदान सहजीवनाला कायद्याने मान्यता द्यावी असं म्हणणारे सरन्यायाधीश चंद्रचूड आणि न्यायमूर्ती कौल हे दोघेच. बाकी तिघांनी तेही नाकारलं. धर्म न बघता लग्न नोंदवणारा विशेष विवाह कायदा बदलायचा तर तो संसदेने बदलावा, असं सांगून प्रकरण मिटलं. एप्रिलमध्ये सुनावणी सुरू झाली तेव्हापासून आम्ही ती कंपनीच्या बसमध्ये, स्वयंपाक करताना, जमेल तशी ऐकली होती. निकालाच्या रात्री दोघींनाही जेवण गेलं नाही.

वकीलबाईंनी चहा मागवला आणि थेट मुद्द्यावर आल्या. "लग्न झालेल्यांना एका सहीत जे मिळतं ते तुम्हाला एकेक कागद करून जमवावं लागेल. सगळं नाही जमणार. पण जमण्यासारखं आहे ते उद्यावर टाकू नका."

हे लिखाण त्या कागदांबद्दल आहे, आणि ते जमवता जमवता राजकारणाकडे बघायची माझी नजर बदलली त्याबद्दलही. माझ्या जोडीदाराचं नाव इथे लिहीत नाही. तिच्या आईंची तशी इच्छा आहे आणि मला ती मान्य आहे.

मी हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे, ती भोसरीच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. धायरीतला फ्लॅट तिच्या नावावर, हप्ते दोघींचे. आम्ही एकत्र राहायला लागलो तेव्हा समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ लागू होतं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आपल्यासारख्यांना त्यातून सोडवलं, ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा अडकवलं, आणि ६ सप्टेंबर २०१८ ला एकदाचं ते संपलं. त्या सगळ्या वर्षांत शेजारी आम्हाला मैत्रिणी समजत होते आणि आम्हीही ते तसंच राहू दिलं.

मग तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन निघालं. संमतीपत्रावर "रुग्णाशी नातं" असा रकाना होता. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "नवरा, वडील, भाऊ, कोणी असेल तर बोलवून घ्या." तिचा भाऊ कराडहून निघून पोचेपर्यंत सगळं थांबलं. त्या बाई वाईट वागल्या असं मी म्हणणार नाही. मला सही करू द्यायची तर त्यांना दाखवायला काहीतरी लिहिलेलं हवं होतं, आणि तसं लिहिलेलं कुठेच नव्हतं. त्या रात्री जे कळलं ते नंतर प्रत्येक टेबलावर खरं ठरलं. समोरच्या माणसाचं मन चांगलं असून भागत नाही. त्याच्या वरिष्ठाने विचारलं तर पुढे करायला त्याच्याकडे कागद लागतो.

पहिला कागद मृत्युपत्राचा. हे सगळ्यांत आधी का, ते वकीलबाईंनी नीट समजावलं. मृत्युपत्र न करता अविवाहित हिंदू स्त्री गेली तर हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम १५ नुसार तिची मालमत्ता आईवडिलांकडे जाते, ते नसतील तर वडिलांच्या वारसांकडे. ज्या घराचे हप्ते मी भरते त्या घरावर माझा काडीचा हक्क राहत नाही. "सोसायटीत नॉमिनी म्हणून हिचं नाव आहे की," असं ती म्हणाली. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, वकीलबाई म्हणाल्या. नॉमिनीकडे वस्तू सांभाळायला येते, वारस ठरेपर्यंत. आपल्याकडे हा घोटाळा इतका सार्वत्रिक आहे की लग्न झालेल्यांनीही हे वाचून आपापले कागद एकदा तपासावेत.

मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. नोंदणीची सक्तीही नाही, पण नोंदवलेलं असलं तर पुढे भांडण लागल्यावर आधार होतो, आणि त्याची फी शंभर रुपये आहे. साक्षीदार मात्र दोन लागतात. एक माझी ऑफिसमधली मैत्रीण लगेच तयार झाली. दुसरे म्हणून आम्ही सोसायटीच्या सेक्रेटरीकाकांना विचारलं. काका एका पक्षाचे जुने कार्यकर्ते. कुठल्या, ते सांगत नाही. त्याने काही फरक पडत नाही. त्यांना विचारायचं म्हणजे सगळं सांगावं लागणार होतं. मी सांगितलं. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "ताई, तुम्ही कागद करा. मी येतो सहीला. फक्त आमच्या पक्षाच्या बैठकीत मला यावर बोलायला सांगू नका."

हे वाक्य मी पुष्कळ दिवस मनात घोळवलं. महाराष्ट्रातलं राजकारण या विषयावर नेमकं याच जागी उभं आहे, असं मला वाटतं. खासगीत माणसं बरीच पुढे आलीत. बैठकीत पहिलं कोण बोलणार, एवढंच अडलंय.

नोंदणीच्या दिवशी दुय्यम निबंधक कार्यालयात टोकन घेऊन बसलो. आजूबाजूला फ्लॅटची खरेदीखतं, भाडेकरार, एका कुटुंबाचं वाटणीपत्र. आमचा नंबर आला. ऑपरेटरने तिला कॅमेऱ्यासमोर बसवलं, अंगठा यंत्रावर टेकवायला सांगितला. पहिल्यांदा उमटला नाही, तिने पदराला पुसून पुन्हा टेकवला. साहेबांनी दस्त चाळला, माझ्या नावापाशी थांबले आणि तिला विचारलं, "स्वखुशीने करताय ना? कोणाचा दबाव नाही ना?" हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. ती म्हणाली, "स्वखुशीने करतेय, साहेब." लग्नातही शेवटी हेच विचारतात. मला भरून आलं, आणि शेजारी बसलेल्या काकांनी माझ्याकडे न बघता खिशातला रुमाल पुढे केला.

भविष्यनिर्वाह निधीचं मात्र जमलं नाही. त्या योजनेत सदस्याला "कुटुंब" असेल तर नॉमिनी कुटुंबातलाच लागतो, आणि कुटुंबाच्या व्याख्येत अवलंबून असलेले आईवडील येतात, मी येत नाही. तिच्या आई तिच्यावरच अवलंबून आहेत. पैसे त्यांना मिळावेत यात मला दुःख नाही. ते त्यांचेच आहेत. खुपतं ते एवढंच, की लग्नाची बायको असती तर आई आणि बायको दोघींची नावं लिहिता आली असती.

आईंना हे सगळं सांगायला आम्ही कराडजवळच्या त्यांच्या गावी गेलो. केंद्र सरकारने न्यायालयात या याचिका म्हणजे शहरी उच्चभ्रूंचे विचार आहेत, असं म्हटलं होतं. ज्या घराच्या ओसरीवर आम्ही बसलो होतो तिथे अजून चुलीवर पाणी तापतं. आईंनी भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. मृत्युपत्र, नॉमिनी, दवाखाना. मग म्हणाल्या, "मला त्यातलं काय कळत न्हाई बघ. पर ही नसली तर तुला त्या घरातनं कुणी भाईर काढू नये, येवढं बघा." आणि मुलाकडे वळून, "ऐकलंस का रं?" तो म्हणाला, "ऐकलं की." कुठल्याही पक्षाच्या जाहीरनाम्यापेक्षा ते "ऐकलं की" मला मोठं वाटतं, पण ते फक्त त्या एका घरापुरतं आहे. ज्या मुलीची आई असं म्हणत नाही तिचं काय, हा प्रश्न घरात सुटत नाही. म्हणूनच कायदा हवा.

दवाखान्यासाठी आम्ही दोघींनी एकमेकींच्या नावे आगाऊ वैद्यकीय निर्देश केले. मला बोलता येत नसेल, निर्णय घेता येत नसेल, तेव्हा माझ्या वतीने कोणी बोलायचं आणि यंत्रांवर किती काळ ठेवायचं, हे आधीच लिहून ठेवण्याची ही सोय. सर्वोच्च न्यायालयाने ती २०१८ मध्ये दिली, पण तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची आणि त्या वाटेला फारसं कोणी जात नसे. जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयाने ते सोपं केलं. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो, आणि त्यात आपण नातेवाईक नसलेल्या माणसाचंही नाव पालक म्हणून घालू शकतो. एक प्रत फॅमिली डॉक्टरांकडे, एक महापालिकेकडे द्यायची. हा विषय काढला की ती उठून जायची. शेवटी मी माझा आधी केला, तिच्यासमोर मोठ्याने वाचला, तेव्हा ती बसली. यातून ऑपरेशनच्या साध्या संमतीचा प्रश्न पूर्ण सुटत नाही, हेही सांगायला हवं. त्यासाठी वेगळं मुखत्यारपत्र करून ठेवलंय, आणि मुखत्यारपत्र मृत्यूबरोबर संपतं.

मृत्यूनंतरचं म्हणाल तर आरोग्य मंत्रालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये राज्यांना पत्र पाठवलं, की जवळचे नातेवाईक उपलब्ध नसतील तेव्हा जोडीदाराला मृतदेह ताब्यात घेता यावा. "उपलब्ध नसतील तेव्हा." आयुष्यभर तोंड न बघितलेला चुलतभाऊ शेवटच्या दिवशी उपलब्ध झाला तर? तरी ते पत्र आलं याची मी किंमत करते. २०१३ मध्ये आमच्याबद्दल असं पत्र कुठल्याही मंत्रालयातून निघेल यावर माझा विश्वास बसला नसता.

अशी पत्रं का निघाली ते समजून घेण्यासारखं आहे. आम्ही जो खटला हरलो, त्याच खटल्यात सरकारने कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचं कबूल केलं होतं आणि न्यायालयाने ते निकालात नोंदवून घेतलं. समिती एप्रिल २०२४ मध्ये नेमली गेली. ऑगस्टच्या अखेरीस अर्थ मंत्रालयाने स्पष्ट केलं, की समलिंगी जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला कुठलीही आडकाठी नाही. अन्न विभागाने राज्यांना कळवलं, की रेशनकार्डासाठी अशा जोडीदारांना एकाच कुटुंबातलं धरावं. १ सप्टेंबरला केंद्राने हे सगळं एका निवेदनात जाहीर केलं. मी ते छापून फाइलला लावलं.

बँकेत त्याचा उपयोग झाला. तसं पाहिलं तर कोणीही दोन माणसं संयुक्त खातं आधीही उघडू शकत होती, पण "तुमचं नातं काय" या प्रश्नावर गाडी अडायची. या वेळी काउंटरवरच्या मुलाने तोच प्रश्न विचारला आणि मी पहिल्यांदाच म्हणाले, "आम्ही जोडीदार आहोत." त्याच्या संगणकावर पर्यायांची यादी होती, त्यात आमच्यासाठी काही नव्हतं. तो गोंधळला. मी कागद पुढे सरकवला. त्याने तो आत नेला, मॅनेजर मॅडम बाहेर आल्या, म्हणाल्या, "हो, आलंय हे आम्हाला," आणि त्याला "इतर" निवडायला सांगितलं. मग मला विचारलं, "चेकबुक दोघींच्या नावाने छापून देऊ ना?" तो मुलगा आमच्या विरोधात कधीच नव्हता. त्याला फक्त दिल्लीतल्या कोणीतरी लिहिलेली एक ओळ हवी होती. पुढे १ नोव्हेंबर २०२५ पासून एका खात्याला चारपर्यंत नॉमिनी ठेवायची मुभा मिळाली, तेव्हा तिने आईंचं आणि माझं, अर्ध्या अर्ध्या वाट्याने नाव लावलं.

त्यामुळे राजकीय पक्ष काय बोलतात याकडे मी आता वेगळ्या कानाने ऐकते. आधी मला ती सगळी तोंडदेखली भाषणं वाटायची. डिसेंबर २०१५ मध्ये शशी थरूर यांनी ३७७ बदलण्याचं खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचं विधेयक, आणलं तर लोकसभेने ते मांडूसुद्धा दिलं नाही. ७१ विरुद्ध २४. ऑक्टोबर २०२० मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसने महाराष्ट्रात एलजीबीटी सेल काढला. १ एप्रिल २०२२ ला सुप्रिया सुळे यांनी विशेष विवाह कायद्यात दुरुस्ती सुचवणारं विधेयक लोकसभेत मांडलं. धायरी खडकवासला मतदारसंघात येते आणि खडकवासला बारामतीत, त्यामुळे त्या आमच्याच खासदार. खासगी विधेयक मंजूर होत नाही हे शेंबड्या पोरालाही माहीत. स्वातंत्र्यानंतर अशी जेमतेम चौदा मंजूर झाली, शेवटचं १९७० मध्ये. पण ज्या सभागृहात २०१५ मध्ये दार उघडलं नव्हतं, तिथे २०२२ मध्ये पती-पत्नीऐवजी जोडीदार म्हणा, दोन पुरुषांसाठी वय २१ आणि दोन स्त्रियांसाठी १८ ठेवा, असा कलमवार मसुदा दाखल झाला. उद्या कोणाला कायदा करायचा झाला तर सुरुवात कोऱ्या पानापासून करावी लागणार नाही.

वाटचाल सरळ नाही. २०२३ मध्ये सुनावणी चालू असताना केंद्राने राज्यांचं मत मागवलं तेव्हा काँग्रेसची सत्ता असलेल्या राजस्थानने विरोध केला. महाराष्ट्राने वेळ मागून घेतला. त्याच वर्षी जानेवारीत सरसंघचालक मोहन भागवत म्हणाले, की अशी माणसं समाजाचाच भाग आहेत आणि त्यांनाही जगण्याचा हक्क आहे. मार्चमध्ये संघाने लग्न मात्र स्त्री आणि पुरुषाचंच, असं सांगितलं. आणि २०२४ च्या निवडणुकीत त्याच काँग्रेसच्या जाहीरनाम्यात व्यापक चर्चेनंतर सिव्हिल युनियनचा, म्हणजे लग्न न म्हणता सहजीवनाला मान्यता देणारा, कायदा आणू, असं आलं. मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाने विशेष विवाह कायद्याच्या धर्तीवर मान्यतेचं आश्वासन दिलं. एका वर्षात विरोधापासून जाहीरनाम्यापर्यंत आलेल्या पक्षावर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न रास्त आहे. मी विश्वास ठेवत नाही, पण हिशेब ठेवते. छापलेलं आश्वासन घेऊन दारात जाता येतं.

बाहेरच्या बातम्याही घरात वेगळ्या पोचतात. माझं आजोळ मालवण तालुक्यातलं. लिओ वराडकर यांच्या वडिलांचं वराड गाव तिथून जवळच. ते आयर्लंडमध्ये मंत्री असताना जानेवारी २०१५ मध्ये आपण समलिंगी असल्याचं जाहीरपणे बोलले, त्याच मे महिन्यात आयर्लंडने सार्वमत घेऊन ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला होकार दिला, आणि २०१७ मध्ये ते पंतप्रधान झाले. तेव्हा मामाने आईला फोन करून अभिमानाने सांगितलं. आईने फोन ठेवला आणि मला विचारलं, "त्याच्या घरच्यांना चालतं? आणि अख्ख्या देशालाही?" मी हो म्हणाले. ती पुढे काही बोलली नाही. पण त्या दिवाळीपासून आमच्याकडे येताना ती दोन साड्या आणते. कोकणातल्या एका आडनावाने जे केलं ते मला इतक्या वर्षांच्या वादावादीत जमलं नव्हतं.

आमच्या निकालानंतर सहा आठवड्यांनी, २९ नोव्हेंबर २०२३ ला, नेपाळमध्ये लमजुंग जिल्ह्यात अशा पहिल्या विवाहाची नोंद झाली. आमच्या फेरविचार याचिका ९ जानेवारी २०२५ ला फेटाळल्या गेल्या आणि २३ जानेवारीला थायलंडमध्ये कायदा लागू झाला. त्या दिवशी ती म्हणाली, "शेजारपाजारच्यांचं होतंय सगळं." काका तेव्हा पाण्याच्या टँकरचं बिल घेऊन आले होते. त्यांनी ते ऐकलं आणि जोतीरावांवर आले. २५ डिसेंबर १८७३ ला याच पुण्यात पहिला सत्यशोधक विवाह लागला, भटजीशिवाय, तेव्हाही हे लग्नच नव्हे म्हणणारे होतेच की, असं ते म्हणाले. ज्या माणसाने बैठकीत बोलायला सांगू नका म्हटलं होतं, तो माणूस दारात उभा राहून हे बोलत होता. मी त्यांना आत बसवलं.

आता दोन गोष्टी बाकी आहेत. एक रेशनकार्ड. अर्ज दिलाय, केंद्राचं पत्र जोडलंय, पोच घेतली आहे. दुसरी मोठी. ती फ्लॅटचा अर्धा हिस्सा हयातीतच माझ्या नावे करू इच्छिते. महाराष्ट्रात राहतं घर नवऱ्याला, बायकोला, मुलांना किंवा नातवंडांना बक्षीस दिलं तर मूळ मुद्रांक शुल्क फक्त दोनशे रुपये. आमच्या बक्षीसपत्राला खरेदीखतासारखं पूर्ण शुल्क लागतं, आणि वर आयकर खात्याच्या लेखी मी परकी, म्हणून ५०,००० रुपयांवरची भेट माझं उत्पन्न ठरते. या आयकराच्या नियमाला मुंबई उच्च न्यायालयात २०२५ मध्ये आव्हान दिलं गेलंय. आयकर दिल्लीच्या हातात आहे. पण मुद्रांक शुल्क राज्याच्या हातात आहे, आणि महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या कलम ९ खाली ते कमी करायला सरकारला विधिमंडळातही जावं लागत नाही, राजपत्रातला आदेश पुरतो. लग्नाचा कायदा होईल तेव्हा होवो. हे या सरकारला किंवा पुढच्या, एका सहीने करता येईल, आणि कोणाच्या धर्माला त्याने धक्का लागत नाही.

तेवढीच मागणी करणारं एक पानी पत्र मी आमच्या आमदारांसाठी लिहिलं. काकांना दाखवलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं, एक परिच्छेद वर घ्यायला सांगितला, "विनंती" च्या जागी "मागणी" केलं, आणि पत्र आपण स्वतः नेऊन देतो म्हणाले. सोमवारी जाणार आहेत. आवक क्रमांक टाकलेली प्रत आणायला सांगितली आहे.